आपण करूया!

स्तर ४ : वाचनपाठ
विषय : सेवाप्रकल्पाचा गटप्रमुख कसा तयार होतो?

वाचण्यापूर्वी

वर्गात जोडीने बोला.

१. तुम्ही कधी नदीकाठ, बाग किंवा शाळेचं मैदान स्वच्छ करायला गेला आहात का? तिथे काय आवडलं? कशाचा कंटाळा आला?
२. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द आहेत. जर्मनमध्ये दोन्हींसाठी एकच शब्द आहे : 'वीर'. मग मराठीला दोन शब्द कशाला लागत असतील?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आत्ता आलं नाही तरी चालेल. पाठ वाचून झाल्यावर पुन्हा विचार करा.

भाग १ : रामा दामा

म्युनिकमध्ये राहणाऱ्या मुलांनी 'रामा दामा' हे शब्द नक्की ऐकले असतील. वसंत ऋतूत शाळा, क्लब आणि गावं मिळून कचरा गोळा करतात, त्या कामाला इथे हे नाव आहे. मराठी आजी-आजोबा पहिल्यांदा हे नाव ऐकतात तेव्हा त्यांना वाटतं, रामाचं काहीतरी आहे! पण हे शब्द बव्हेरियन बोलीतले आहेत. त्यांचा अर्थ साधारण असा : 'आवरायचंय आपल्याला', 'चला, आवरूया'.

या नावामागे एक खरी गोष्ट आहे. दुसरं महायुद्ध १९४५ साली संपलं. युद्धात म्युनिकवर अनेकदा बॉम्ब पडले होते. घरं, चर्च, शाळा पडल्या होत्या. चार वर्षं झाली तरी रस्त्यांवर विटा-दगडांचे ढीग होतेच. तेव्हा टोमास विमर हे शहराचे महापौर होते. ते मूळचे सुतार. त्यांनी लोकांना हाक दिली : रामा दामा! शनिवार, २९ ऑक्टोबर १९४९ या दिवशी सुमारे ७,५०० माणसं फावडी घेऊन रस्त्यावर आली. त्यांनी सुमारे १५,००० घनमीटर ढिगारा उचलला. महापौरांनी स्वतःही हातात फावडं घेतलं.

आज आपण ऑलिंपिक पार्कमधल्या टेकडीवर चढतो, हिवाळ्यात तिथे मुलं स्लेज घेऊन जातात. ती टेकडी युद्धातल्या अशाच ढिगाऱ्यांची बनलेली आहे. पुढच्या वेळी तिथे गेलात तर पायाखाली काय आहे ते आठवा.

आता विमर यांच्या शब्दांकडे नीट बघा. त्यांनी 'तुम्ही आवरा' असं म्हटलं नाही. 'आवरूया' म्हटलं. म्हणजे सांगणारा माणूसही कामात आहे.

भाग २ : आधी झाडू, मग कीर्तन

महाराष्ट्रातही असा एक माणूस होऊन गेला. त्यांचं नाव गाडगेबाबा. त्यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यात झाला. मूळ नाव डेबूजी. अंगावर चिंध्यांचे कपडे, हातात झाडू आणि जवळ एक मातीचं भांडं. अशा भांड्याला 'गाडगं' म्हणतात. म्हणून लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले.

बाबा एखाद्या गावात गेले की आधी झाडू घेऊन रस्ते झाडायचे. कोणाला बोलवायचे नाहीत, कोणावर रागवायचे नाहीत. हळूहळू गावातली माणसं बघायला यायची. एवढा म्हातारा माणूस आपलं गाव झाडतोय आणि आपण नुसते उभे आहोत, याची त्यांना लाज वाटायची. मग तीही झाडू आणायची. रात्री बाबा कीर्तन करायचे. कीर्तनात ते लोकांना प्रश्न विचारायचे आणि लोकांकडूनच उत्तरं काढून घ्यायचे. लोकांनी दिलेल्या पैशातून त्यांनी धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या. १९५६ साली ते गेले. आजही महाराष्ट्रात ग्रामस्वच्छतेच्या अभियानाला त्यांचं नाव आहे.

मराठीत एक म्हण आहे : आधी केले, मग सांगितले. गाडगेबाबांचं सगळं आयुष्य या म्हणीसारखं होतं.

भाग ३ : चर चुकला तर?

स्वतः झाडू घेतला की झालं का? माणूस चांगला आहे, मेहनती आहे, सगळ्यांच्या पुढे आहे. एवढं पुरतं का? नाही पुरत. ते कसं, हे समजायला आपण महाराष्ट्रातल्या एका डोंगराळ, कोरड्या गावात जाऊया.

महाराष्ट्रात बराचसा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. काही भागांत तो फार कमी पडतो. पडलेलं पाणी उतारावरून धावत निघून जातं आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी कोरड्या पडतात. यावर एक उपाय म्हणजे डोंगराच्या उतारावर लांब, आडवे खड्डे खणायचे. त्यांना 'सलग समतल चर' म्हणतात. धावणारं पाणी चरात थांबतं, हळूहळू जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरींना मिळतं.

२०१६ साली पाणी फाउंडेशन या संस्थेने गावांसाठी 'वॉटर कप' नावाची स्पर्धा सुरू केली. पहिल्या वर्षी तीन तालुके होते : वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव. ११६ गावांनी भाग घेतला. उन्हाळ्यातल्या ४५ दिवसांत कोणतं गाव पाणी अडवण्याचं सर्वांत चांगलं काम करतं, अशी ही स्पर्धा. सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यातल्या वेळू गावाने पहिला नंबर मिळवला. पुढच्या वर्षी स्पर्धा ३० तालुक्यांत गेली आणि २०१८ मध्ये ७५ तालुक्यांत. गावकरी पहाटे किंवा रात्री काम करायचे, कारण दुपारी ऊन फार असतं. या कामाचे पैसे मिळत नव्हते. हे श्रमदान होतं.

पण फावडं हातात घेण्याआधी एक गोष्ट व्हायची. प्रत्येक गावातून काही जण, बायका आणि पुरुष दोघेही, निवासी प्रशिक्षणाला जायचे. तिथेच राहायचं, एकत्र जेवायचं, खेळ खेळायचे आणि शिकायचं. काय शिकायचं? दोन प्रकारच्या गोष्टी. एक म्हणजे पाण्याचं तंत्र. दुसरी म्हणजे माणसांना एकत्र कसं आणायचं. गावात जुनी भांडणं असतात, पक्ष असतात, जाती असतात. ते सगळं तसंच ठेवून डोंगरावर एकत्र खणता येत नाही.

आता तंत्राचं एक उदाहरण बघू. 'समतल' म्हणजे एकाच उंचीवर. चराचं एक टोक आणि दुसरं टोक एकाच उंचीवर हवं. डोंगरावर नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. त्यासाठी एक साधं साधन वापरतात : दोन काठ्या आणि त्यांना जोडलेली लांब, पारदर्शक नळी. नळीत पाणी भरतात. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी नेहमी एकाच पातळीवर येतं. हे तुम्ही शाळेत शिकला असाल. काठ्यांवर मापाच्या खुणा असतात. दोन्ही काठ्यांवर पाणी सारख्याच खुणेला आलं, की दोन्ही जागा एकाच उंचीवर आहेत. मग तिथे चुन्याने रेघ मारायची आणि त्या रेघेवर खणायचं.

रेघ चुकली तर काय होईल? चराचं एक टोक खाली जाईल. सगळं पाणी त्या टोकाकडे धावेल, तिथला बांध फोडेल आणि मातीसकट खाली वाहून जाईल. दोनशे माणसांनी पंधरा दिवस घाम गाळला असला, तरी पहिल्या मोठ्या पावसात सगळं जाईल. पुढच्या वर्षी त्याच माणसांना 'या, श्रमदान करूया' म्हटलं तर ती येतील का?

म्हणून आधी शिकायचं. दुसऱ्याचे श्रम वाया जाऊ नयेत, ही गटप्रमुखाची पहिली जबाबदारी आहे.

भाग ४ : शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार

जर्मनीत असं प्रशिक्षण तुम्हालाही घेता येतं. मुलांचे गट, सहली, शिबिरं चालवणाऱ्या स्वयंसेवकांसाठी इथे एक ओळखपत्र असतं. त्याचं नाव 'युलाइका'. ते साधारण १६व्या वर्षापासून मिळतं. त्यासाठी किमान ३० तासांचं प्रशिक्षण आणि प्रथमोपचाराचा कोर्स करावा लागतो. बरेच जण हे प्रशिक्षण एक-दोन शनिवार-रविवारी, एखाद्या युवागृहात राहून पूर्ण करतात. गट कसा चालतो, कार्यक्रम कसा आखायचा, भांडण झालं तर काय करायचं, हे तिथे शिकवतात. शिवाय एक लांबलचक जर्मन शब्द शिकवतात : 'आउफझिश्ट्सफ्लिश्ट'. म्हणजे, आपल्याकडे सोपवलेल्या मुलांवर लक्ष ठेवण्याची कायद्याने आलेली जबाबदारी.

समजा, आपल्या मराठी शाळेच्या मोठ्या मुलांनी इझार नदीचा काठ स्वच्छ करायचं ठरवलं. जागा : फ्लाउखर. उन्हाळ्यात तिथे लोक मांस-भाज्या भाजतात, पोहतात, आणि मागे बाटल्यांची झाकणं, काचा, कोळसे राहतात. साठ माणसं येणार आहेत. त्यात सहा वर्षांची मुलं आहेत आणि भारतातून आलेले आजोबाही आहेत. पाच मुलं गटप्रमुख होणार. त्यांचं शिबिर कसं असेल?

शुक्रवार, संध्याकाळ : ओळख. स्वतःचं नाव सगळ्यांना माहीत असतंच, म्हणून दुसरं काहीतरी सांगायचं : मला काय जमतं आणि मला कशाची भीती वाटते. एकाला नकाशा छान काढता येतो. एकीला अनोळखी माणसांशी बोलायची भीती वाटते. कामं वाटताना हे उपयोगी पडतं. मग सगळ्यांनी मिळून खिचडी करायची. साठ जणांचं काम आखायच्या आधी, पाच जणांत कांदे कोण चिरणार हे ठरवता आलं पाहिजे!

शनिवार, सकाळ : जागा बघायला जायचं. पाणी कुठे खोल आहे? इझार आल्प्समधून येते. तिचं पाणी थंड असतं आणि ओढही जोरात असते. लहान मुलांनी कुठल्या रेषेच्या पुढे जायचं नाही? भरलेल्या पिशव्या कुठे ठेवायच्या? त्यासाठी पालिकेला कधी आणि काय विचारायचं?

शनिवार, दुपार : हिशेब. माझा रोजचा धंदा कॉम्प्युटरचा, त्यामुळे हा भाग मला फार आवडतो. साठ माणसं दहा वाजता आली. हातमोजे मात्र कोणाच्या तरी गाडीत राहिले आणि सगळे वीस मिनिटं थांबले. किती वेळ गेला? वीस मिनिटं? नाही. साठ गुणिले वीस, म्हणजे १,२०० मिनिटं. पूर्ण २० तास! माणसं हे बोलून दाखवत नाहीत. ती हसून म्हणतात, "काही हरकत नाही." पण पुढच्या वेळी येत नाहीत.

शनिवार, रात्र : नाटक. एकाने गटप्रमुख व्हायचं, बाकीच्यांनी त्रास द्यायचा. कोणी फोन बघत बसतो, कोणी म्हणतं 'मला घरी जायचंय', कोणी काचेला हात लावतो. मग चर्चा करायची.

रविवार, सकाळ : प्रथमोपचाराची उजळणी आणि ११२ वर फोन केल्यावर काय सांगायचं याचा सराव. कुठे आहोत, काय झालं, किती जणांना लागलं. शेवटी प्रत्येकाने एका कागदावर स्वतःचं काम लिहायचं आणि सगळ्यांसमोर वाचायचं.

या शिबिरात भाषण नाही, हे तुमच्या लक्षात आलं का?

भाग ५ : नाटकातला एक प्रवेश

(दोघांनी मोठ्याने वाचा. नंतर भूमिका बदला.)

गटप्रमुख : आजोबा, नमस्कार! तुम्ही पण आलात, फार छान वाटलं.
आजोबा : आलो खरा. पण मला वाकता येत नाही रे. गुडघे दुखतात. मी आपला बाकावर बसतो.
गटप्रमुख : चालेल ना. पण आजोबा, एक काम होतं. बाकावर बसूनच करायचंय. कराल का?
आजोबा : कसलं काम?
गटप्रमुख : ही यादी. प्रत्येक गट निघताना नावं लिहायची आणि परत आला की खूण करायची. लहान मुलं आहेत, नदी जवळ आहे. एक जरी नाव राहिलं तरी आम्हाला लगेच कळलं पाहिजे.
आजोबा : हे महत्त्वाचं काम दिसतंय!
गटप्रमुख : सगळ्यात महत्त्वाचं. म्हणून तर तुम्हाला विचारतोय.
आजोबा : दे इकडे. आणि पेन? माझ्या खिशात आहे म्हणा. तीस वर्षं हिशेब लिहिलेत मी.
गटप्रमुख : मग काळजीच नाही. अकरा वाजता चहा आणतो तुम्हाला.
आजोबा : साखर कमी घाल हो!

या प्रवेशात गटप्रमुखाने हुकूम दिला नाही. त्याने आजोबांना खोटं कामही दिलं नाही. यादीचं काम खरंच गरजेचं होतं. स्वयंसेवकाला पगार नसतो, त्यामुळे तो कधीही उठून जाऊ शकतो. तो का थांबतो? आपली इथे गरज आहे, हे त्याला दिसतं म्हणून.

भाषेची गंमत : आम्ही आणि आपण

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ.

'आम्ही इझारवर जातोय.' म्हणजे मी आणि माझे लोक. ज्याच्याशी बोलतोय, तो त्यात नाही.
'आपण इझारवर जाऊया.' म्हणजे मी, माझे लोक आणि तूसुद्धा.

जर्मन 'वीर'मध्ये हा फरक दिसत नाही. मराठीत मात्र प्रत्येक वेळी ठरवावं लागतं : समोरचा माणूस आत आहे की बाहेर?

एकच काम किती प्रकारे सांगता येतं, तेही बघा :

पिशवी उचल. (मित्राला, मोठ्यांना चालत नाही)
पिशवी उचला. (मोठ्यांना किंवा अनेकांना; तरीही आज्ञाच)
पिशवी उचलाल का? (विनंती)
पिशवी उचलूया का? (सांगणाराही उचलणार)

शेवटचं वाक्य सगळ्यात गोड आहे, पण ते फुकट मिळत नाही. 'उचलूया' म्हणायचं आणि स्वतः फोटो काढत उभं राहायचं, हे लोकांना लगेच कळतं. तसंच 'उचलूया' म्हणायचं आणि पिशव्याच आणायच्या नाहीत, हेही. ज्याने आधी तयारी केली आहे आणि जो स्वतः वाकणार आहे, त्याच्याच तोंडी 'आपण' शोभतं. विमर यांच्या हातात फावडं होतं, गाडगेबाबांच्या हातात झाडू होता आणि गावकऱ्यांच्या हातात पाण्याची नळी होती.

शब्दार्थ

गटप्रमुख – गटाची जबाबदारी घेणारी व्यक्ती
ढिगारा – पडलेल्या घराच्या विटा, दगड, माती यांचा मोठा ढीग
श्रमदान – पैसे न घेता सगळ्यांसाठी केलेलं अंगमेहनतीचं काम
चर – जमिनीत खणलेला लांब, अरुंद खड्डा
मुरणे – पाणी हळूहळू जमिनीत जाणे
निवासी – तिथेच राहून करायचं
प्रथमोपचार – डॉक्टर येण्याआधी केलेली मदत
बांध – पाणी अडवण्यासाठी घातलेला मातीचा किंवा दगडांचा उंचवटा

वाक्प्रचार
घाम गाळणे – खूप मेहनत करणे
वाया जाणे – उपयोग न होणे
हाक देणे – लोकांना बोलावणे
खांद्याला खांदा लावून काम करणे – एकमेकांच्या सोबतीने काम करणे

म्हण
गाव करी ते राव न करी – सगळे मिळून जे करू शकतात, ते एकटा मोठा माणूस करू शकत नाही.

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तर लिहा.
अ) 'रामा दामा' म्हणजे काय?
आ) गाडगेबाबांना हे नाव कशामुळे मिळालं?
इ) वॉटर कप स्पर्धेत पहिल्या वर्षी कोणतं गाव जिंकलं?
ई) आजोबांना कोणतं काम मिळालं?

प्र. २. कारण सांगा.
अ) चराची दोन्ही टोकं एकाच उंचीवर हवीत, कारण...
आ) गावकरी दुपारी काम करायचे नाहीत, कारण...
इ) नदीकाठी नावांची यादी हवी, कारण...

प्र. ३. 'आम्ही' की 'आपण'? योग्य शब्द लिहा.
अ) आई, ____ मित्र मिळून पिक्चरला जातोय. तू घरीच राहा.
आ) चल ना ताई, ____ दोघी मिळून यादी करूया.
इ) काका, तुमची वाट बघून ____ शेवटी जेवून घेतलं.

प्र. ४. हिशेब करा. ४५ माणसं आली आहेत. फावडी शोधण्यात १६ मिनिटं गेली. सगळ्यांचे मिळून किती तास वाया गेले?

प्र. ५. हुकूम बदलून विनंती करा. (उदा. काचा उचल. – काचा उचलाल का?)
अ) इथे उभे राहा. आ) मुलांना पाणी दे. इ) नावं लिही.

प्र. ६. घरी विचारा. आजी, आजोबा, आई, बाबा किंवा एखाद्या काकांना फोन करा : "तुम्ही कधी श्रमदान केलंय का? कुठे? काम कोणी ठरवलं होतं?" शाळेतलं, कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातलं, गावातलं, काहीही चालेल. उत्तर आठ ते दहा वाक्यांत लिहा.

प्र. ७. गटात करा. तुमच्या भागात कोणतं छोटं काम करता येईल? पाच जणांत कामं वाटा. प्रत्येकाच्या कामापुढे लिहा : हे काम राहिलं, तर कोणाचा वेळ वाया जाईल? कागद पुढच्या शनिवारी वर्गात आणा. वाचून बघू आणि एक काम निवडू. मग तारीखही आपणच ठरवू.